दुसरी मोटारसायकल कोणती : जावा की येझदी रोडकिंग?

जुने वाहन दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणण्याचा छंद मराठी घरांत बहुधा एखाद्या स्कूटरपासून सुरू होतो. वडिलांनी नंबर लावून, कित्येक वर्षे वाट पाहून घेतलेली बजाज चेतक जिन्याखाली धूळ खात उभी असते. मुलगा नोकरीत स्थिरावतो, हाती चार पैसे शिल्लक राहू लागतात आणि एका सुट्टीत तो त्या स्कूटरवरचे पोते बाजूला करतो. पुढे वर्षभर रविवार गॅरेजमध्ये जातात. अखेर स्कूटर सुरू होते, शेजारीपाजारी पाहायला येतात आणि घरातल्या ज्येष्ठांचे डोळे पाणावतात. हा अनुभव ज्याने एकदा घेतला, त्याला 'आता दुसरी गाडी कोणती?' हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

पहिल्या आणि दुसऱ्या गाडीत एक मूलभूत फरक आहे. पहिली गाडी कोणी निवडलेली नसते. ती घरातच असते. तिची कागदपत्रे आईच्या कपाटात सापडतात. ती कधी पडली, तिचे इंजिन कधी उघडले, हे घरच्यांना ठाऊक असते. शिवाय तिच्यावर केलेल्या खर्चाचा हिशेब कोणी मागत नाही, कारण तो वडिलांच्या आठवणीवर केलेला खर्च असतो. दुसरी गाडी मात्र परक्याच्या अंगणातून आणायची असते. खऱ्या अर्थाने निवड येथे प्रथमच करावी लागते आणि फसगत होण्याची शक्यताही येथेच सर्वाधिक असते.

डोंगराचे गाव आणि मोटारसायकलीचा जिल्हा

बँकेच्या नोकरीत बदली अटळ असते. महाराष्ट्रातील एखादा अधिकारी बदलीच्या निमित्ताने दक्षिण कर्नाटकात, म्हैसूर जिल्ह्यात जाऊन पोहोचला, तर या छंदाच्या दृष्टीने तो योग्य ठिकाणी आला असे म्हणावे लागेल. याच जिल्ह्याच्या पश्चिम भागात, पिरियापट्टण तालुक्यात बेट्टदपुर हे गाव आहे. कन्नड भाषेत 'बेट्ट' म्हणजे डोंगर. गावाला नाव देणाऱ्या त्या डोंगराच्या माथ्यावर सिडिलु मल्लिकार्जुनाचे देवस्थान असून 'सिडिलु' या शब्दाचा अर्थ वीज असा आहे. भोवतालचा हुणसूर-पिरियापट्टणचा परिसर तंबाखूच्या पिकासाठी प्रसिद्ध आहे. अशा भागात जुनी मोटारसायकल शोधू लागले, तर दोन नावे हटकून पुढे येतात : जावा आणि येझदी. त्याचे कारण इतिहासात आहे. या दोन्ही गाड्या याच जिल्ह्यात, म्हैसूर शहरातील यादवगिरी भागात तयार होत होत्या.

'जावा' हे नाव ऐकून इंडोनेशियातील बेटाची आठवण होणे साहजिक असले, तरी त्याचा त्या बेटाशी काहीही संबंध नाही. फ्रान्तिशेक यानेचेक या चेक उद्योजकाने १९२९ मध्ये 'वाँडरर' या जर्मन कंपनीकडून मोटारसायकल बनवण्याचे हक्क घेतले. त्याच्या आडनावातील 'जा' आणि वाँडररमधील 'वा' ही आद्याक्षरे जोडून 'जावा' हे नाव तयार झाले. मुंबईत या गाड्या आयात करणाऱ्या इराणी कुटुंबाने पुढे 'आयडियल जावा' ही कंपनी काढली. म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडेयार यांचा या उद्योगाला पाठिंबा लाभला आणि १९६१ मध्ये म्हैसूरच्या कारखान्यातून मोटारसायकली बाहेर पडू लागल्या. सत्तरीच्या दशकात चेक कंपनीबरोबरचा करार संपला आणि त्याच कारखान्यातील गाड्या 'येझदी' या नावाने विकल्या जाऊ लागल्या. हे नाव इराणमधील यज्द या शहराशी जोडले जाते. १९७८ मध्ये 'येझदी रोडकिंग' बाजारात आली आणि कारखाना बंद होईपर्यंत ती बनत राहिली.

१९८४ मध्ये इंड-सुझुकी आणि १९८५ मध्ये हिरो होंडा या जपानी तंत्रज्ञानाच्या १०० घनसेंटिमीटर गाड्या आल्या. त्या वजनाने हलक्या होत्या आणि पेट्रोल कमी पीत होत्या. त्यापाठोपाठ धुराविषयीचे नियम कडक होत गेले, कारखान्यातील कामगारांचे प्रश्नही चिघळले आणि १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला. पुढे २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावे एका नव्या कंपनीने पुन्हा बाजारात आणली. परंतु त्या गाड्यांची यंत्ररचना सर्वस्वी नवी आहे. म्हैसूरच्या जुन्या गाडीला नव्या गाडीचे सुटे भाग बसत नाहीत. म्हणजेच जुनी जावा किंवा येझदी घेणारा माणूस, ज्याचा निर्माता आता अस्तित्वात नाही असे यंत्र घरी आणत असतो. निवड करताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी.

एकाच घराण्यातील दोन स्वभाव

दोन्ही गाड्यांचे कुळ एक आहे. दोहोंचे इंजिन दोन फेऱ्यांचे, म्हणजे टू-स्ट्रोक, आणि सुमारे २५० घनसेंटिमीटरचे आहे. सिलिंडर एकच असला तरी धूर बाहेर टाकणाऱ्या नळ्या दोन आणि सायलेन्सरही दोन. किक मारण्याचा दांडा पुढे वळवला की तोच गिअरचा दांडा होतो, ही युक्ती दोहोंत आहे. इंजिनाला वंगण मिळावे म्हणून पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. असे असूनही दोहोंचा स्वभाव वेगळा आहे.

साठीच्या दशकातील जावा ही १२ अश्वशक्तीची, सोळा इंची चाकांची, गोलाईदार बांध्याची गाडी. लालसर किरमिजी रंग, टाकीच्या दोन्ही बाजूंना चकाकणारा क्रोमचा मुलामा आणि संपूर्ण झाकलेली साखळी हे तिचे रूप. तिला घाई नसते. रोडकिंग ही १६ अश्वशक्तीची, अठरा इंची चाकांची, उंच आणि रांगडी गाडी. तिच्या इंजिनावर चेकोस्लोव्हाकियातील 'सीझेड' या शर्यतींत गाजलेल्या मोटारसायकलीची छाप आहे. चढावर ती कुरकुरत नाही आणि आजच्या महामार्गावर इतर वाहनांच्या बरोबरीने चालण्याची क्षमता तिच्यात अधिक आहे.

दुरुस्तीच्या दृष्टीने पाहता जावाचा खर्च तिच्या रूपावर होतो. चांगला क्रोम मुलामा म्हणजे जुना थर काढणे, पत्रा घासून सपाट करणे, तांबे आणि निकेल यांचे थर देणे आणि शेवटी क्रोम चढवणे. हे काम चोख करणारे कारागीर आता थोडे उरले आहेत. टाकीचा पत्रा आतून गंजला असेल, तर घासताना त्याला भोके पडतात. मूळ मडगार्ड, साखळीचे आवरण, हेडलाइटचे घर आणि त्यातील वेगदर्शक यांपैकी एखादा भाग हरवलेला असेल, तर तो शोधण्यात महिने जातात. जावाला एक अनुकूलताही आहे. हीच गाडी युरोपात मोठ्या संख्येने बनली, त्यामुळे तिचे अनेक भाग चेक प्रजासत्ताकातून आजही मागवता येतात. मात्र त्यावर वाहतूक आणि सीमाशुल्क यांचा भार पडतो.

रोडकिंगचा खर्च इंजिनावर होतो. ती जोरात चालवण्यासाठीच घेतली जात असे, त्यामुळे तिच्या पूर्वीच्या मालकांनी तिला क्वचितच विश्रांती दिलेली असते. सिलिंडर किती वेळा रिबोअर झाला आहे, आणखी एकदा करण्याजोगी जाडी उरली आहे की नवी स्लीव्ह बसवावी लागेल, हे खरेदीपूर्वी जाणून घ्यावे. सुट्या भागांचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. ती १९९६ पर्यंत बनत असल्याने जुने आणि नव्याने घडवलेले दोन्ही प्रकारचे भाग मिळतात आणि तिचे इंजिन पाठ असलेले मिस्त्री अजून कामावर आहेत. तिची खरी अडचण वेगळी आहे. अनेक हौशी तरुणांनी रोडकिंगचे मडगार्ड कापले, हँडल बदलले, चौकटीला जोड दिले. अशी गाडी मूळ रूपात आणणे हे गंजलेली जावा दुरुस्त करण्याइतकेच कष्टाचे ठरते.

इंजिन ऐकताना

खरेदीपूर्वी दोन्ही गाड्यांना लागू पडणाऱ्या काही परीक्षा आहेत. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांना ऑइल सील असतात. ते झिजले की इंजिन बाहेरची हवा ओढू लागते. मग अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिनाचा वेग लवकर खाली येत नाही. मिश्रणात पेट्रोल आणि त्याबरोबर तेलही कमी पडते, उष्णता वाढते आणि पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो. गिअरपेटीतील तेल वरचेवर कमी होत असेल आणि सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर निघत असेल, तर ते तेल इंजिनात जळत आहे असे समजावे. क्रँकशाफ्ट उघडून त्याचा कनेक्टिंग रॉड बदलण्यासाठी प्रेस आणि अचूक मोजमाप दोन्ही लागतात. गावातील प्रत्येक गॅरेजमध्ये हे काम होत नाही.

थंड इंजिन पाहण्याचा आग्रह धरावा. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलेली गाडी बरेच काही लपवते. दोन्ही सायलेन्सरमधून सारखा धूर येतो का, किक परत वर येते का, प्रत्येक गिअर पडतो आणि टिकतो का, हे पाहावे. बेट्टदपुरसारख्या ठिकाणी डोंगराकडे चढत जाणारा रस्ता मिळाला, तर दुसऱ्या गिअरवर गाडीची पकड आणि क्लचची स्थिती सहज कळते.

आजच्या काळातील एक नवी बाब म्हणजे पेट्रोल. देशभर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि जुन्या गाडीतील रबर व कॉर्क यांचे भाग त्यासाठी बनवलेले नव्हते. त्यामुळे कार्ब्युरेटर आणि पेट्रोलच्या कॉकमधील वॉशर नव्या प्रतीचे बसवावेत आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नये.

कागद आधी, गाडी नंतर

यंत्रातील दोष पैशाने दूर होतात. कागदातील दोष कधी कधी पैशानेही दूर होत नाहीत. जुन्या गाडीवर 'एम.वाय.' या अक्षरांनी सुरू होणारा, म्हैसूर राज्याच्या काळातील क्रमांक दिसला की शौकिनाचे मन हरखते. परंतु तो क्रमांक परिवहन कार्यालयाच्या संगणकीय नोंदीत आहे काय, आर.सी. पुस्तकातील इंजिन आणि चॅसिस क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी जुळतात काय आणि पुस्तकात नाव कोणाचे आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत इसार देऊ नये.

खेड्यांतील जुन्या गाड्यांबाबत बहुधा असे आढळते की आर.सी. पुस्तकातील मालक हयात नसतो आणि गाडी त्याचा मुलगा किंवा नातू विकत असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे लागते आणि तीन महिन्यांत वारसाने आपल्या नावे हस्तांतरणासाठी नमुना ३१ मध्ये अर्ज करावयाचा असतो. कित्येक कुटुंबांत हे राहून जाते. अशा वेळी प्रथम वारसांनी गाडी आपल्या नावे करून घ्यावी आणि त्यानंतरच नमुना २९ व ३० वर विक्री व्हावी. मृताच्या नावे असलेली गाडी कोऱ्या सह्यांवर घेणे म्हणजे उद्याच्या भांडणाची पायाभरणी होय.

बँकेच्या वाचकांना जिव्हाळ्याची वाटावी अशी एक अडचण याच पुस्तकात दडलेली असते. ही गाडी त्या काळी कर्जावर घेतली असेल, तर आर.सी. पुस्तकात बँकेच्या तारणाची नोंद असते. कर्ज केव्हाच फिटलेले असते. नोंद मात्र काढून टाकायची राहून जाते. आता ती बँकच त्या नावाने उरलेली नसेल तर? १९१३ मध्ये सुरू झालेली म्हैसूरची बँक, जी पुढे स्टेट बँक ऑफ म्हैसूर झाली, ती १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात, तर १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत विलीन झाली. विलीन झालेल्या बँकेचे हक्क आणि जबाबदाऱ्या उत्तराधिकारी बँकेकडे जातात. तेव्हा त्या बँकेच्या शाखेकडून 'येणे बाकी नाही' असे पत्र आणि नमुना ३५ वर सही घेऊन ही नोंद काढून घेता येते. अर्धशतकापूर्वीचे खाते शोधण्यास वेळ लागतो. म्हणून हे काम विक्रेत्याने पूर्ण केल्यावरच व्यवहार करावा.

गाडी महाराष्ट्रात आणायची असल्यास नमुना २८ वर ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ राहणार असेल, तर तेथे नवी नोंदणी बंधनकारक आहे. बदलीच्या नोकरीत असणाऱ्याने हा हिशेब आधीच मांडलेला बरा.

वयाचा हिशेब

येथे दोन गाड्यांमध्ये एक महत्त्वाचा भेद उत्पन्न होतो. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून अधिक जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. मूळ चौकट, सांगाडा आणि इंजिन यांत मोठे बदल न केलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी मिळते. नव्या नोंदणीसाठी २० हजार रुपये आणि पुनर्नोंदणीसाठी ५ हजार रुपये शुल्क असून तिची मुदत दहा वर्षांची आहे. आधीच नोंदणी झालेले वाहन आपला जुना क्रमांक राखू शकते. मात्र असे वाहन रोजच्या किंवा व्यावसायिक वापरात आणता येत नाही; प्रदर्शन, संशोधन, जुन्या वाहनांच्या फेऱ्या, तसेच इंधन व देखभाल एवढ्यापुरतेच ते रस्त्यावर न्यावयाचे असते.

साठीच्या दशकातील जावा या वर्गात बसते. १९७८ ची पहिली रोडकिंगदेखील २०२८ पूर्वी त्यात बसणार नाही. तिला सर्वसाधारण नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारसायकलींसाठी हे शुल्क २ हजार रुपये करण्यात आले. मुदत संपून वर्षे लोटली असतील तर विलंब शुल्काची भर पडते. शिवाय विमा आणि धूर तपासणीचे प्रमाणपत्र आवश्यकच. याचे तात्पर्य असे की, रविवारी सकाळी हुणसूरपर्यंत चहाला जाण्याची इच्छा असेल, तर व्हिंटेज नोंदणीची जावा त्यासाठी नाही.

पैशाचे पथ्य

म्हैसूरच्या या कंपनीचे घोषवाक्य कायमची गाडी आणि कायमचे मूल्य असे सांगणारे होते. त्यातील मूल्य हा शब्द मात्र जपून घ्यावयास हवा. जुन्या गाडीकडे गुंतवणूक म्हणून पाहणे धोक्याचे आहे. तिला व्याज नाही, लाभांश नाही आणि गरज पडेल त्या दिवशी गिऱ्हाईक मिळेल याची शाश्वती नाही. म्हणून या छंदासाठी व्यक्तिगत कर्ज काढणे किंवा मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडणे कटाक्षाने टाळावे. दुसऱ्या गाडीसाठी वेगळी आवर्ती ठेव उघडणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. खरेदीची किंमत, कागदपत्रांचा खर्च, इंजिन, पत्राकाम व रंग, क्रोम, टायर व विद्युत भाग अशी सहा सदरे करून त्यांची बेरीज करावी. त्यापुढे अकल्पित खर्चासाठी भरीव रक्कम धरावी. ही रक्कम ठेवीत जमेपर्यंत थांबावे. या थांबण्यात नुकसान नाही. त्या काळात चार गाड्या पाहून होतात आणि नजर तयार होते.

विम्याबाबतही एक सूचना. तृतीय पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा हवा असेल, तर बंद पडलेल्या मॉडेलचे मूल्य विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. त्यासाठी दुरुस्तीची बिले आणि छायाचित्रे जपून ठेवावीत.

निर्णय

मग दुसरी गाडी कोणती? ज्याला गाडी चालवायची आहे, ज्याची नोकरी बदलीची आहे आणि ज्याच्या घरी एकच छप्पर व मोजकेच रविवार आहेत, त्याने मूळ रूपातील, न कापलेली रोडकिंग घ्यावी. तिचे भाग आणि मिस्त्री दोन्ही मिळतात, ती वर्षभरात रस्त्यावर येऊ शकते आणि आल्यावर तिचा उपयोगही होतो. ज्याला जतन करायचे आहे, ज्याच्यापाशी स्थिर निवास, धीर आणि चांगल्या क्रोम कारागिराचा पत्ता आहे, त्याने जावाचा विचार करावा. मात्र ती सर्व भागांसह पूर्ण असावी. अर्धवट जावा स्वस्त मिळते आणि अखेर सर्वांत महाग पडते.

या नियमाला एकच अपवाद आहे. दोहोंपैकी एकीचे कागद स्वच्छ असतील आणि दुसरीचे नसतील, तर बाकीची सारी तुलना बाजूला ठेवून स्वच्छ कागदांची गाडी घ्यावी. दरवर्षी जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिनानिमित्त या गाड्यांचे शौकीन एकत्र येतात, तेव्हा सर्वांत चकाकणाऱ्या गाडीभोवती गर्दी होते हे खरे. परंतु संध्याकाळी निर्धास्तपणे घरी परततो तो मात्र, ज्याच्या खिशात स्वतःच्या नावाचे आर.सी. पुस्तक असते.